कूलर कोणापुढे वाकला?

"थांबा! कोणी पुढं येऊ नका! पुराव्यावर पाय पडन!" अभ्यासिकेच्या दारात दोन्ही हात पसरून प्रगती ओरडली.

"पाय कायचा? मी तं पुराव्यात बसलोच!" आतून हर्षदीपचा आवाज आला. तो सतरंजीवर मांडी घालून बसला होता आणि त्याच्या पँटमधून पाणी निथळत होतं.

"उठ ना मंग!"

"कायले उठू? पंचेचाळीस डिग्रीत एवढी थंड जागा अख्ख्या गावात नाई!"

प्रगतीच्या पाठीमागून सुनयना फिस्सकन हसली. सुनयना म्हणजे प्रगतीची मावसबहीण. वय वर्षं दहा. कालच्याच बसने ती बेल्लमपल्लीहून सुटीसाठी आली होती. तिचे बाबा कोळशाच्या खाणीत कामाला होते आणि त्यांच्या क्वार्टरमध्ये कूलर होता. त्यामुळे कूलर या विषयावर आपल्याला शेवटचा शब्द बोलायचा अधिकार आहे, असं तिचं मत होतं.

"आमच्या क्वार्टरमधला कूलर असा नाही गळत," ती म्हणाली.

"तुमच्या क्वार्टरमधलं काईच गळत नाई. कालपासून आयकून राह्यलो!" हर्षदीप म्हणाला आणि नाइलाजाने उठला.

चिंचघाट हे आदिलाबाद जिल्ह्याच्या अगदी कडेचं गाव. नदी ओलांडली की महाराष्ट्र. गावातल्या विहाराला लागून अभ्यासिका होती आणि अभ्यासिकेत कूलर होता. मोठा, लोखंडी, मागच्या दाराच्या चौकटीत उंच स्टँडवर उभा केलेला. त्याची पाठ अंगणाकडे आणि तोंड आत. चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, विहार समितीचे अध्यक्ष माणिकराव यांनी तो भेट दिला होता. कूलरच्या कपाळावर चकचकीत स्टीलची पाटी होती. तिच्यावर माणिकरावांच्या वडिलांचं नाव होतं आणि त्याखाली, किंचित मोठ्या अक्षरांत, माणिकरावांचं.

तेव्हापासून तीन आठवडे कूलर गळत होता. रोज दुपारी सतरंजीचा तलाव व्हायचा. खालच्या फळीवरची स्पर्धा परीक्षेची पुस्तकं भिजून दुप्पट जाड झाली होती.

मोठी माणसं गप्प बसली होती असं मात्र नाही. समितीने तीन बैठका घेतल्या होत्या. चंपत मिस्त्रीने टाकीला आतून काळी पुट्टी फासली, मग बाहेरून फासली, मग उरली होती म्हणून परत आतून फासली. शेवटी भिंतीवर सूचना लागली : 'कूलरमधून पाणी सांडण्यास सक्त मनाई आहे.' शेजारीच तीच सूचना तेलुगूतही लावली होती. कूलरने दोन्ही भाषांत दुर्लक्ष केलं.

मग समितीने गुन्हेगारच शोधून काढला. कूलरमध्ये पाणी कोण भरतं? सखूबाई!

त्या क्षणी सखूबाई बादली आणि फडकं घेऊन आल्याच. सगळ्या गावाची ही सखूमाय. साठीची, काटक, आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. एकोणीस वर्षं रोज सकाळी सहाला अभ्यासिकेचं दार त्याच किल्लीने उघडत होतं. सखूमाय स्वतः वाचायला शिकल्या त्याही इथेच, पोरांच्या मागे बसून. त्या आल्या, खाली बसल्या आणि फडकं पिळू लागल्या.

"सखूमाय, तुम्ही पाणी जास्त भरता का?" सुनयनाने सरळ विचारून टाकलं.

"सुनयना!" प्रगतीने तिला चिमटा काढला.

"इचारू दे वो. समितीनं तं इचारलंबी नाई," सखूमाय म्हणाल्या. "चार हंडे टाकतो, बाई. आत चुन्याची रेघ मारली हाय. रेघीच्या वर एक बोट जाऊ देत नाई. पहिले प्लग काढतो, मंग पाणी. पण कोण आयकते? रविवारी चार वाजता बैठक हाय. म्हातारीच्या हाताचा अंदाज गेला म्हणते. किल्ली आता चंपतजवळ जाईन."

"चंपतकाकाजवळ?" हर्षदीप ओरडला. "तो आपल्या घरची किल्ली हप्त्यातून दोनदा हरपवते!"

सखूमायने भिजलेलं एक पुस्तक उचललं आणि पान पान सुटं करत पंख्याखाली उभं केलं. प्रगतीला ते बघवेना.

"आज शुक्रवार," ती म्हणाली. "दोन दिवस हायेत. आपण तहकीकात करू!"

"करू!" हर्षदीप म्हणाला.

"आमच्या क्वार्टरमध्ये…" सुनयनाने सुरुवात केली.

"तू पण करशील!" दोघं एकदम ओरडले.

शनिवारी सकाळी अभ्यासिका रिकामी असताना काम सुरू झालं. सखूमायने एकच अट घातली. कूलरच्या पत्र्याला हात लावायच्या आधी प्लग बाहेर, आणि प्लग त्यांच्या हातात. "लोखंड आन् पाणी आन् करंट. तिघं एका घरात राह्यते. पाहुण्यानं सांभाळून जावं," त्या म्हणाल्या आणि प्लग हातात धरून स्टुलावर बसल्या, आपल्या पहाऱ्यात जणू मोठा मुद्देमाल असावा तशा.

प्रगतीने जुन्या तेलुगू पेपरची पानं कूलरभोवती पसरली. एक समोर, एक डावीकडे, एक उजवीकडे, एक मागे अंगणात. "जिथं पान भिजन, तिथून चोर पळाला!"

"पेपरमधली सगळ्यात खरी बातमी आज छापून येईन," हर्षदीप म्हणाला.

सखूमायने चार हंडे पाणी टाकलं. चुन्याच्या रेघेपर्यंत, अगदी बरोबर. मग कूलर बंदच ठेवून सगळे अर्धा तास बसले. अर्ध्या तासात सुनयनाने चौदा वेळा विचारलं, "झालं का?" पानं कोरडी ठणठणीत!

"म्हंजे टाकी फुटली नाई," प्रगती बोटांवर मोजत म्हणाली. "आन् पाणी जास्तबी नाई झालं. सखूमाय निर्दोष!"

"ते मले मालूम होतं," सखूमाय शांतपणे म्हणाल्या.

मग प्लग लागला. पंखा घरघरला, आतला छोटा पंप गुरगुरला. दहा मिनिटं झाली. समोरच्या पानावर एक ठिपका पडला. मग दुसरा. मग पानातल्या एका सिनेमाच्या जाहिरातीतला हिरो नाकापासून विरघळू लागला.

"समोरून! फक्त समोरून!" सुनयना नाचायला लागली. डावं, उजवं, मागचं पान कोरडंच होतं.

"पण समोरून म्हंजे कुठून?" हर्षदीपने डोकं खाजवलं. पाण्याला रंग नाही, पत्रा ओला, वर पंख्याचा वारा. थेंब नेमका कुठून निघतो ते दिसेचना. त्याने डोळे बारीक केले, मोठे केले, मग एक एक करून बंद केले. उपयोग शून्य.

"पाण्याले रंग देऊ!" प्रगती एकदम म्हणाली. "सखूमाय, जयंतीच्या मिरवणुकीतला निळा गुलाल उरला नं?"

कपाटात अर्धी पिशवी होती. सखूमायने आढेवेढे घेतले, "टाकी खराब होईन," मग स्वतःच एक मूठ काढून दिली. कूलर बंद, प्लग बाहेर, गुलाल टाकीत, प्लग आत. पाणी निळंशार झालं. पाच मिनिटांनी परत सगळं बंद करून त्यांनी कूलरची बाजूची जाळी उघडली आणि तिघांची डोकी एकदम आत घुसली. दोन डोकी एकमेकांवर आदळली, पण शोधकार्यात असं होतंच.

"अरे!" प्रगती म्हणाली.

कूलरचं काम साधं असतं. पंप पाणी वर चढवतो. वर, गवताच्या चौकटीच्या डोक्यावर, भोकांची एक पन्हळ असते. तिच्यातून पाणी गवतावर सगळीकडे सारखं झिरपतं आणि परत टाकीत येतं. इथे मात्र बाजूचं गवत पुढच्या भागात गर्द निळं होतं आणि मागच्या भागात सोनेरी, कोरडं, अंगही न धुतलेलं! आणि पन्हळीच्या पुढच्या टोकावरून आतल्या पत्र्यावर एक जाड निळी रेघ उतरली होती, थेट पंख्याच्या समोर.

"सगळं पाणी पुढंच पळते," हर्षदीप हळूच म्हणाला. गवंड्याचा मुलगा तो. पाणी एका बाजूला पळालं की काय समजायचं, हे त्याच्या घरात जेवताना बोललं जायचं. "थांबा! मी बाबाची पाणसळ आणतो!"

तो धावत गेला आणि धावत आला. पाणसळ म्हणजे गवंड्याची ती पट्टी, जिच्या काचेच्या नळीत एक बुडबुडा असतो. वस्तू सरळ असेल तर बुडबुडा मधोमध थांबतो. हर्षदीपने ती कूलरच्या डोक्यावर पुढून मागे अशी ठेवली. बुडबुडा जो मागे पळाला तो नळीच्या टोकाला जाऊन चिकटला!

"वाकला हाय! कूलर पुढं वाकला हाय!"

"कोणाले नमस्कार करून राह्यला?" सखूमायने विचारलं.

तेवढ्यात सुनयना दिसेनाशी झाली. स्टँडभोवती जयंतीच्या दिवशी निळ्या साटीनची झालर गुंडाळली होती, ती तशीच होती. झालरीखालून सुनयनाचे फक्त तळपाय दिसत होते.

"विटा!" आतून आवाज आला. "मागच्या दोन्ही पायांखाली एकेक वीट! आमच्या क्वार्टरमध्ये कूलरच्या पायाखाली वीट नाही ठेवत!"

या वेळी तिला कोणी गप्प केलं नाही.

"पण इटा कोणं ठेवल्या? आन् काऊन?" प्रगतीने विचारलं.

उत्तर समोरच होतं. तीन आठवडे भिंतीवर, काचेच्या चौकटीत! उद्‌घाटनाचा फोटो. माणिकराव कूलरवर हात ठेवून उभे, पांढराशुभ्र शर्ट, पाटीवरचं नाव स्वच्छ वाचता येतंय. पण हर्षदीप नावाकडे बघत नव्हता.

"दाराची चौकट पाह. सरळ! कूलर पाह. तिरपा! आन् मागं पाह, अंगणात…"

चौकट आणि कूलर यांच्यामधल्या फटीत चंपत मिस्त्री ओणवा झालेला दिसत होता. त्याच्या हातात वीट होती. फोटोत येतोय हे कळल्यामुळे तो हसतही होता.

चंपतकाका चौकातच सापडले. काही लपवण्याइतकी सवड त्यांना आयुष्यात कधी मिळाली नव्हती.

"हाव, म्याच ठेवल्या! समोरच्या दारातून उजेड येते नं, तं पाटी लखलख करे. फोटोत नावच नाई दिसे! चार फोटो वाया गेले. अध्यक्ष म्हणे, चंपत, जरा वाकव. वाकवला. म्हणे, अजून जरा. मंग नाव आलं."

"मंग फोटो झाल्यावर इटा काढल्या काऊन नाई?"

"बसणाऱ्याईलेबी नाव दिसलं पायजे, म्हणे." चंपतकाकांनी थोडा विचार केला. "काऊन वो? काई बिघडलं काय?"

तीन आठवडे पुट्टी फासणाऱ्या माणसाचा हा प्रश्न होता. प्रगतीने एक मोठा श्वास घेतला आणि सोडून दिला.

आता सगळं सांगून टाकायचं? हर्षदीपला तेच वाटत होतं. प्रगती मात्र मान हलवत होती. "आपण सांगू, ते म्हणतीन लेकराईचा खेळ हाय. इटाबी आपणच ठेवल्या म्हणतीन! त्याईच्या डोळ्यानं दिसलं पायजे." मग ती हसली. "चला, टाकी धुऊन ठेवू."

टाकी तीन वेळा धुतली. शेवटचं पाणी काचेसारखं निघालं. गवताचा विचार मात्र कोणाच्याच डोक्यात आला नाही.

रविवारी चारला समिती जमली. माणिकराव आपल्या नेहमीच्या जागी बसले. ही जागा कूलरच्या अगदी समोर होती. वारा आधी अध्यक्षांना लागून मग समाजाकडे जाई. अंगात फोटोतलाच कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट होता.

"विषय क्रमांक एक," त्यांनी घसा साफ केला. "किल्ली. सखूबाईनं खूप सेवा केली. आमाले आदर हाये. पण पुस्तकं भिजून राह्यली. हाताचा अंदाज…"

"काका, जयभीम!" प्रगती उभी राहिली. तिचा आवाज चांगला लागला. "एक दरखास्त हाये. आज सखूमायनं कूलरले हात नाई लावला पायजे. चंपतकाकानं पाणी भरावं. तुमी सोता पाहावं. आज पाणी नाई सांडलं, तं चूक सखूमायची!"

"आन् सांडलं तं?" मागून कुणीतरी विचारलं.

"सांडत नाई!" माणिकराव म्हणाले. "चंपत, भर! लेकराईचंबी समाधान होऊ दे."

चंपतने चार हंडे टाकले. माणिकरावांनी स्वतः वाकून चुन्याची रेघ बघितली. "बरोबर हाये! सगळ्याईनं पायलं? लाव प्लग!"

सखूमाय कोपऱ्यात बसून होत्या. जुडगा त्यांनी कमरेचा काढून आधीच मांडीवर ठेवला होता.

पंखा फिरला. गार वारा आला. माणिकराव विषय क्रमांक एकवर सावकाश, भरपूर बोलू लागले. पाच मिनिटं. आठ मिनिटं. प्रगती डोळे न मिटता बघत होती. काहीच नाही! हर्षदीप नखं खात होता.

मग माणिकरावांच्या शर्टाच्या खिशावर एक ठिपका उमटला.

निळा.

मग दुसरा. मग खांद्यावर पाच, कॉलरवर सात, आणि हातातल्या कागदावर, 'किल्ली' या शब्दाच्या अगदी शेजारी, एक चांगला रुपयाएवढा. माणिकराव बोलतच होते. समितीतले लोक एकमेकांकडे बघू लागले. अध्यक्षांना मध्येच तोडायची पद्धत नव्हती.

शेवटी सुनयनालाच राहवलं नाही. "आजोबा, तुम्हाला जयंती लागली!"

माणिकरावांनी खाली बघितलं. "हे काय!"

"गवतात राह्यला गुलाल!" हर्षदीप कुजबुजला आणि त्याने कपाळावर हात मारला.

"काका, आमी हे मुद्दाम नाई केलं! खरंच!" प्रगती घाबरून म्हणाली. "पण आता पाहा नं, थेंब कुठून येऊन राह्यला!"

आता थेंब लपू शकत नव्हता. कूलरच्या तोंडावर, वरच्या दोन्ही कोपऱ्यांतून निळे ओघळ निघाले होते आणि पंख्यासमोर येऊन फवारत होते. खाली सतरंजीवर तलाव जमायला लागला होता. चार हंडेच! रेघेपर्यंतच! अध्यक्षांनी स्वतः बघून!

सखूमायने उठून प्लग काढला. हर्षदीपने पाणसळ ठेवली. एकेक सभासद येऊन बुडबुडा बघून गेला. सुनयनाने झालर वर उचलली, आणि प्रगतीने भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं.

सगळ्यांनी फोटोतली वीट बघितली. मग चंपतकडे बघितलं. चंपतने माणिकरावांकडे बघितलं. माणिकरावांना बघायला कोणीच उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी आपल्या शर्टाकडे बघितलं.

"काढ त्या इटा," ते हळू आवाजात म्हणाले.

चौघांनी कूलर उचलून धरला, चंपतने विटा काढल्या. हर्षदीपने एका पायाखाली पुठ्ठ्याचा पातळ तुकडा सारला, परत पाणसळ ठेवली. बुडबुडा सरकला, डळमळला आणि मधोमध येऊन थांबला.

"आता लावा!"

पंखा फिरला. पेपरचं पान समोर पसरलेलं. दहा मिनिटं, वीस मिनिटं, अर्धा तास. बैठकीत एवढी शांतता त्या समितीने कधी पाळली नव्हती. पान कोरडं! शेवटी सखूमाय पुढे आल्या, वाकल्या आणि सतरंजीवर तळहात टेकवला. मग उलटा करून सगळ्यांना दाखवला.

"सुका हाय," त्या म्हणाल्या, आणि खालीच बसल्या. इतका वेळ अडवून धरलेला श्वास त्यांच्या तोंडून असा सुटला की सुनयनाला वाटलं, कूलरच्या आवाजातच काही बदल झाला.

माणिकराव उठले. पाठीवर पांढरे आणि छातीवर निळे असे ते कोपऱ्यात गेले. जुडगा जमिनीवर पडला होता, तो उचलला आणि दोन्ही हातांनी पुढे धरला.

"सखूबाई, चूक माही हाये. मले नाव दिसलं पायजे होतं, म्हणून तुमचं नाव खराब केलं."

"ठेवा वो अध्यक्ष. शर्ट थंड्या पाण्यात भिजवा पहिले, नाई तं डाग बसन," सखूमाय म्हणाल्या. जुडगा मात्र त्यांनी लगेच कमरेला खोचला आणि वरून एकदा दाबून बघितला.

"आन् ह्या तिघाईनं," माणिकराव वळले, "आमी तीन बैठकीत जे नाई केलं, ते दोन दिवसात केलं! शाबास रे लेकराहो! पुढची तहकीकात असन तं समिती नाई नेमत आता. तुमालेच बलावतो!"

टाळ्या पडल्या. चंपतकाकांच्या सगळ्यांत जोरात होत्या. हर्षदीपच्या बाबांनी पाणसळ न विचारता नेल्याबद्दल आधी डोळे वटारले आणि मग त्याच हाताने पाठ थोपटली. सुनयना म्हणाली की आता हा कूलर जवळजवळ त्यांच्या क्वार्टरमधल्याइतका चांगला आहे. बेल्लमपल्लीकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळणं शक्य नव्हतं.

एक अडचण उरली. कूलर सरळ झाला आणि पाटी पुन्हा लखलखू लागली. सतरंजीवर बसणाऱ्याला तिच्यावर पांढऱ्या उजेडाशिवाय काही दिसत नाही. हर्षदीपने सगळ्या जागांवर बसून, उभं राहून, एकदा कपाटावर चढूनही तपासलं. नाव नीट वाचता येतं ते एकाच ठिकाणाहून. पाणी भरायला कूलरला अगदी खेटून उभं राहिलं की अंगाची सावली पाटीवर पडते, आणि मग अक्षरन् अक्षर दिसतं.

प्रगतीने हे माणिकरावांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सखूमाय दार उघडायला आल्या तेव्हा पायरीवर माणिकराव उभे होते. हातात भरलेला हंडा होता.

"प्लग काढा," ते म्हणाले. "आजपासून पहिला हंडा माहा."